जुनी, जास्त पेट्रोल पिणारी गाडी मोडीत काढायला सरकारने पैसे द्यावेत का? खरंच काही वाचतं का त्यातून?

खटारा_प्रेमी:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा जेवताना धाकट्या भावाशी चांगलीच जुंपली. निमित्त आमच्या बाबांची गाडी. बावीस वर्षं जुनी, इंजिन अजून ठणठणीत, पण ॲव्हरेज म्हणाल तर ९ च्या वर जायला तयार नाही आणि चढावर एसी बंद करावा लागतो. भाऊ म्हणतो असल्या गाड्या रस्त्यावर ठेवणं हाच मुळात गुन्हा आहे, सरकारने सरळ पैसे देऊन त्या लोकांकडून काढून घ्याव्यात, भंगारात घालाव्यात आणि कमी पिणारी नवी गाडी घ्यायला लावावं. अमेरिकेने २००९ मध्ये हे केलं, जर्मनीने केलं, इंग्लंडने केलं, एवढे सगळे करतात म्हणजे काहीतरी फायदा असेलच ना वगैरे वगैरे.

माझं म्हणणं एवढंच की चांगली चालती गाडी चेचून टाकायची आणि नवी बनवायला परत लोखंड वितळवा, काच आली, रबर आलं, रंग आला, मग ती कुठूनतरी जहाजातून आणा, एवढं सगळं करून वाचलं काय? वर पैसे कोणाचे तर लोकांच्याच टॅक्सचे. ज्याच्याकडे गाडीच नाही, बसने जातो, त्याने माझ्या नव्या गाडीला हातभार का लावायचा?

भाऊ म्हणाला तू भावनिक होतोयस. असेनही, त्याच गाडीवर मी क्लच सोडायला शिकलोय. म्हणून इथे विचारतोय, ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा उलगडून सांगा की या योजनांचं पुढे झालं काय. भावाला लिंक पाठवणार आहे त्यामुळे शिव्या कमी घाला :)

आकडेमोड:

मंडळात स्वागत. शिव्या घालत नाही, पण भाऊ अर्धा बरोबर आहे हे आधी सांगून टाकतो.

आपली सगळ्यांची गल्लत ॲव्हरेज या आकड्यात होते. दोन माणसं घ्या. एकाची गाडी ८ चं ॲव्हरेज देते, तो ती बदलून १२ वाली घेतो. दुसऱ्याची १८ देते, तो २७ वाली घेतो. कोणाला विचारलंत तर म्हणेल दुसऱ्याने बाजी मारली, नऊने वाढलं की, पहिल्याचं तर चारच. आता दोघांना दहा हजार किलोमीटर पळवा. पहिला आधी १२५० लिटर जाळत होता, आता ८३३, वाचले ४१७. दुसरा ५५६ वरून ३७० वर आला, वाचले फक्त १८५ च्या आसपास. म्हणजे चारवाल्याने नऊवाल्याच्या दुपटीहून जास्त वाचवलं. हा भ्रम इतका पक्का आहे की अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या दोघांनी २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये यावर लेखच लिहिला. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, तेच शहाणपणाचं आहे.

सांगायचा मुद्दा, खरी बचत सगळ्यात वाईट गाड्या काढण्यात आहे. चांगल्या गाड्या अजून चांगल्या करून तेवढं हाती लागत नाही. म्हणून या योजनेमागची मूळ कल्पना चूक नाही. अमेरिकेच्या योजनेत अट अशी होती की जुनी गाडी सरकारी रेटिंगप्रमाणे गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी देणारी हवी, म्हणजे आपल्या हिशोबात साडेसात-पावणेआठच्या खाली. नवी कार किमान २२ मैलांची. फरक ४ मैलांचा असेल तर ३५०० डॉलर, १० किंवा जास्त असेल तर ४५०० डॉलर. प्रत्यक्षात ज्या गाड्या आल्या त्यांची सरासरी १५.८ आणि ज्या घेतल्या गेल्या त्यांची २४.९. आपल्या भाषेत ६.७ वरून १०.६. दहा हजार किलोमीटरला साधारण ५५० लिटर. हे थोडं नाही.

पण बघा, यात मी दहा हजार किलोमीटर गृहीत धरलेत. तिथेच मेख आहे. ती जुनी गाडी वर्षाला खरंच तेवढी पळत होती का?

दहा_बाराचा_पाना:

मी गॅरेजवाला माणूस आहे, मला त्या आकड्यांपेक्षा एकच गोष्ट आठवते ती म्हणजे इंजिन मारायचे व्हिडिओ. २००९ ला नेटवर ढिगाने होते, ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगतो.

नियम असा होता की जुनी गाडी परत रस्त्यावर येता कामा नये, म्हणून डीलरनेच इंजिन कायमचं निकामी करायचं. कसं, तर ऑइल पूर्ण काढायचं आणि त्याजागी जवळजवळ दोन लिटर सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचं, मग गाडी चालू करून दोन हजार आरपीएमला धरून ठेवायची. सुरुवातीला काहीच होत नाही, इंजिन मजेत चालतं. मग ते पाणी गरम होऊन उडतं आणि मागे काचेसारखा थर बेअरिंगवर बसतो. आवाज बदलायला लागतो, खडखड, मग टॅपेटचा आवाज, मग घुसमटल्यासारखं, आणि एकदम गच्च. क्रँक जाम. काही इंजिनं दोन-तीन मिनिटांत गेली, काहींनी दम काढला, धूर ओकत राहिली पण बंद पडेनात, आणि बाजूला उभे असलेले मेकॅनिक चक्क टाळ्या वाजवत होते त्या इंजिनासाठी. मी तर बघून हळहळलो राव, त्यात कितीतरी चांगली इंजिनं होती, अजून लाख किलोमीटर सहज गेली असती.

हे पण सांगतो की नियमामागे कारण होतं, नुसता माज नव्हता. जर्मनीत इंजिन मारायची अट नव्हती, तर तिथे कागदोपत्री भंगारात गेलेल्या गाड्या गुपचूप पूर्व युरोपात आणि आफ्रिकेत विकल्या गेल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे इथला धूर तिकडे, आणि पैसे सरकारचे. पण अमेरिकेत उलटं झालं, जुन्या गाडीतला सगळ्यात किमती पार्ट इंजिन, तोच मारला. ज्या माणसाकडे तसलीच गाडी आहे आणि ज्याचं इंजिन गेलंय तो भंगारातून इंजिन आणून बसवतो, त्याचं दार बंद.

अबोली:

पाना दादा, टाळ्यांचं वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

मी थोडं पैशाच्या बाजूने लिहिते. लोक हे विसरतात की २००९ ची ही योजना पर्यावरणासाठी जेवढी होती त्याहून जास्त मंदीसाठी होती. गाड्यांचा धंदा बसला होता, कारखाने रिकामे होते. अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी २००८ मध्येच एक लेख लिहून सुचवलं होतं की अशा योजनेने एका दगडात तीन पक्षी मरतील, प्रदूषण कमी होईल, अर्थव्यवस्थेला धक्का मिळेल आणि गरिबांच्या हातात थोडा पैसा येईल. यातला तिसरा पक्षी पुढे उडून गेला, कारण जो कायदा झाला त्यात पैसे फक्त नवी गाडी घेणाऱ्यालाच होते.

सुरुवातीला १ अब्ज डॉलर ठेवले होते, ते साधारण आठवड्याभरात संपले!! मग घाईघाईने अजून २ अब्ज मंजूर केले आणि ऑगस्टच्या २४ तारखेला दुकान बंद. एकूण सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या. ऐकायला प्रचंड यश. पण मियान आणि सुफी या दोन अर्थतज्ज्ञांनी शहरांची तुलना करून मोजलं, जिथे अशा जुन्या गाड्या जास्त तिथली विक्री आणि जिथे कमी तिथली विक्री. त्यांना असं दिसलं की योजनेमुळे जुलै-ऑगस्टमध्ये साधारण ३ लाख ७० हजार गाड्या जास्त विकल्या गेल्या खऱ्या, पण मार्च २०१० येईपर्यंत जवळजवळ तेवढ्याच कमी विकल्या गेल्या. म्हणजे जे लोक दिवाळीनंतर, सॉरी, दोन-चार-सहा महिन्यांनी घेणारच होते त्यांनी आत्ता घेतली. पुढच्या महिन्यातलं जेवण आज वाढून घेतल्यासारखं झालं.

अजून एक गंमत आहे, ती मला सगळ्यात आवडते. होएकस्ट्रा, पुलर आणि वेस्ट यांनी दाखवलं की कमी पिणारी गाडीच घ्या या अटीमुळे लोक छोट्या, स्वस्त गाड्यांकडे वळले. मोठी एसयूव्ही देऊन कोरोला. म्हणजे गाड्या तेवढ्याच विकल्या गेल्या पण एकूण खर्च कमी झाला, उद्योगाला मिळाला असता त्यापेक्षा कमी पैसा मिळाला. पर्यावरणाची अट आणि मंदीवरचा उपाय एकमेकांच्या पायात पाय घालून पडले. मला वाटतं एका योजनेकडून दोन कामं करून घ्यायला गेलं की हे असं होतंच.

जर्मनीने ती अटच ठेवली नव्हती. गाडी ९ वर्षं जुनी असली की २५०० युरो, जा घ्या कुठलीही. आधी दीड अब्ज ठेवले, ते वाढवत वाढवत ५ अब्जांवर नेले, २० लाख गाड्या. सरकारी नाव काय तर पर्यावरण बोनस! लोक मात्र त्याला सरळ मोडीचा बोनस म्हणायचे आणि तो लोकांचाच शब्द २००९ चा त्यांचा 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला गेला. लोकांना बरोबर कळतं.

शंकासुर:

अबोलीताईंशी सहमत, पण मूळ दुखणं अजून कोणी बोललं नाही.

या सगळ्यात फायदा कोणाला तर ज्याच्याकडे उरलेले पैसे आहेत किंवा ज्याला बँक कर्ज देते त्याला. ज्याची गाडी खरोखर धूर ओकतेय, भाजी नाहीतर सामान वाहणारा, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर मारणारा, तो काय नवी गाडी घेणारे का? तो सेकंडहँड घेतो, किंवा थर्डहँड. आणि तुम्ही तर त्याची सेकंडहँडच भंगारात घातलीत, म्हणजे बाजारात जुन्या गाड्या कमी, म्हणजे भाव वर. बिचाऱ्याला सवलत तर नाहीच मिळाली, वर महागाई मिळाली.

स्वतःचा अनुभव सांगतो. मी एकदा असल्याच एका योजनेत गाडी बदलली होती. आधी शोरूमला चौकशी केली तेव्हा घसघशीत डिस्काउंट सांगितलेला, ॲक्सेसरीज फुकट, मॅट फुकट. सरकारी सवलतीचा कागद पुढे केल्यावर सेल्समनने कॅल्क्युलेटर जरा स्वतःकडे वळवला, बराच वेळ बोटं आपटली आणि म्हणाला सर आता ती ऑफर संपली ना. मॅट तेवढे दिले. सरकारने मला दिलेले पैसे माझ्या खिशातून सरळ त्याच्या खिशात, मधे मला फक्त दिसून गेले.

नावं घेत नाही, सगळे सारखेच.

आकडेमोड:

शंकासुर, मॅटचं वाचून जाम हसलो, तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे.

मूळ धाग्यातला एक प्रश्न राहिलाय, नवी गाडी बनवायला जे जळतं त्याचं काय. याचं ढोबळ गणित करू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. वरच्या ८ वरून १२ च्या उदाहरणात दहा हजार किलोमीटरला ४१७ लिटर वाचले, म्हणजे जवळजवळ ९६० किलो. आता नवी गाडी बनवताना, स्टीलपासून सगळं धरून, समजा ६ टन निघाले (हे मी धरलंय, गाडी केवढी त्यावर कमीजास्त होईल). म्हणजे ते फेडायला साठ हजार किलोमीटरच्या वर चालवावं लागेल. वर्षाला पंधरा हजार चालवणाऱ्याचे चार वर्षांत फिटले. तीन हजार चालवणाऱ्याला वीस वर्षं लागतील, तोवर ती नवी गाडीच खटारा झालेली असेल.

पण थांबा, खटारा_प्रेमी लगेच नाचू नका. हे सगळे ६ टन या योजनेच्या माथी मारणं पण बरोबर नाही. ती नवी गाडी कधीतरी बनणारच होती, योजनेने ती दोन-तीन वर्षं अलीकडे आणली एवढंच. मग योजनेच्या नावावर तेवढ्याच दोन-तीन वर्षांचा भार टाकायला हवा. हीच कात्री दुसऱ्या बाजूनेही चालते बरं का. बचत पण तेवढ्याच दोन-तीन वर्षांची मोजायची, नव्या गाडीच्या पूर्ण आयुष्याची नाही. जाहिरातीत नेहमी पूर्ण आयुष्याची दाखवतात.

अबोली:

हो आणि धूर वेगळा, इंधन वेगळं हे पण लिहा कोणीतरी. मीच लिहिते. २००९ मध्ये इंग्लंडने १० वर्षांवरच्या गाड्यांना २००० पौंड दिले, अर्धे सरकारचे अर्धे कंपन्यांचे, तिथेही ॲव्हरेजची अट नव्हती, नुसतं वय. आता वयाला अगदीच अर्थ नाही असं नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) नसलेली किंवा तो मेलेला असलेली जुनी गाडी जे नाकाला झोंबणारं सोडते, त्यात एकेक गाडी कित्येक नव्या गाड्यांना भारी पडते, मग तिचं ॲव्हरेज कितीही चांगलं असो. जुनी छोटी कार कमी पिते पण घाण ओकते, आणि नवी कोरी भलीमोठी एसयूव्ही स्वच्छ असते पण पिंपभर पिते. वय बघून काढलंत तर धूर कमी होईल, ॲव्हरेज बघून काढलंत तर पेट्रोल वाचेल. सरकारं दोन्ही एकाच पाटीखाली विकतात.

दहा_बाराचा_पाना:

ताई एकदम बरोबर. त्यात अजून एक, अमेरिकेत ॲव्हरेज बघायचे ते पुस्तकातलं, त्या मॉडेलचं सरकारी रेटिंग. समोर उभी असलेली गाडी खरंच किती देते ते कोणी तपासतच नव्हतं. एखाद्याने गाडी जिवापाड सांभाळलीय आणि एखाद्याने दहा वर्षं एअर फिल्टर बघितलेला नाही, दोघांना सारखाच न्याय.

एक अट मात्र मला आवडलेली. गाडी आधीच्या वर्षभर त्याच मालकाच्या नावावर आणि इन्शुरन्स चालू असलेली हवी. म्हणजे मागच्या अंगणात कोंबड्या बसायची जागा झालेलं धूड ओढत आणून पैसे मागता येणार नाहीत. त्याने काहीतरी पेट्रोल तरी जळत होतं याची खात्री.

शंकासुर:

इन्शुरन्स होता म्हणजे चालत होती असं कुठाय? माझ्या काकांच्या गाडीचा इन्शुरन्स दरवर्षी भरतात, गाडी वर्षातून दोनदा धुवायला बाहेर निघते. किलोमीटर बघा ना सरळ. ओडोमीटर समोरच आहे. वर्षात पाच हजारच्या खाली चालली तर पैसे नाहीत, चाळीस हजार चालली तर दुप्पट. लगेच लोक काटा फिरवतील म्हणा, पण सर्व्हिसच्या नोंदी असतात, तपासणीच्या नोंदी असतात.

खटारा_प्रेमी:

बाप रे एवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार! भाऊ वाचतोय, मधेमधे 'बघ' म्हणून मेसेज टाकतोय, पण कुठल्या मुद्द्याला बघ ते सांगत नाही.

आकडेमोड यांनी विचारलं ना गाडी पळते किती, म्हणून काल डॅशबोर्डचा कप्पा उघडला. बाबांची एक लांबट वही असते त्यात, कव्हरला ग्रीस लागलेलं, आणि प्रत्येक वेळी टाकी फुल केली की किलोमीटर आणि लिटर, तारखेसकट, बावीस वर्षं. शाईचे रंग बदललेत फक्त. बसून बेरीज केली. गेल्या बारा महिन्यांत गाडी चाललीय २९०० किलोमीटर. पेट्रोल ३१५ लिटर, म्हणजे ९.२ चं ॲव्हरेज. १६ देणारी नवी घेतली असती तर १८१ लिटर लागलं असतं. वाचले वर्षाला १३४ लिटर. यासाठी सरकारने मला पैसे द्यायचे आणि ही गाडी चेचायची, हे आता मला भावनेने नाही तर आकड्याने पटत नाही.

उलट आमच्या आतेभावाची जुनी व्हॅन आहे, माल पोचवतो, वर्षाला चाळीस हजार तरी होतात, ८ चं ॲव्हरेज. ती १२ वाली झाली तर सोळाशेच्या वर लिटर वाचतील. एक व्हॅन म्हणजे बाबांच्या बारा गाड्या! पण शंकासुर म्हणतात तेच, त्याला विचारलं तर म्हणाला सवलत दिली तरी उरलेले कुठून आणू, आणि नवी गाडी बुक करून येईपर्यंत माल काय डोक्यावर नेऊ?

भावाला हे दाखवलं. तो म्हणाला मग व्हॅनसाठी कर्ज द्यावं सरकारने, सेकंडहँड पण चालेल असं करावं. इथे आम्हा दोघांचं एकमत झालं, आई म्हणाली झालं का एकदाचं.

आकडेमोड:

ती वही स्कॅन करून ठेवा हो. बावीस वर्षांचं खरं ॲव्हरेज, असला डेटा कुठल्या अभ्यासात मिळत नाही.

दहा_बाराचा_पाना:

एक विचारू का. वहीत ॲव्हरेज पहिल्यापासून ९ च आहे का? आणि कमी झालं असेल तर हळूहळू झालं की एकदम?

खटारा_प्रेमी:

थांबा बघतो.

पाना दादा, तुम्ही मांत्रिक आहात का? सोळा वर्षं १२ ते साडेबारा आहे सलग. मग एका पावसाळ्यात तीन-चार टाक्यांमध्ये ११, १०, ९.५ आणि तेव्हापासून नऊच्या आसपास. बाबा म्हणाले गाडी म्हातारी झाली.

दहा_बाराचा_पाना:

म्हातारी गाडी हळूहळू उतरते, अशी जिन्यावरून पडल्यासारखी नाही. ब्रेक चिकटतोय का बघा, चार-पाच किलोमीटर चालवून चाकाजवळ हात नेला की कळेल, फार गरम लागलं तर तेच. इंजिन थंडच राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. आणि सायलेन्सर आतून काळाकुट्ट असेल, पेट्रोलचा वास येत असेल तर ऑक्सिजन सेन्सर, तो मेला की इंजिन उगाच जास्त पेट्रोल ओतत बसतं. तो कधी बदललाय विचारा बाबांना.

खटारा_प्रेमी:

विचारलं. 'तो काय असतो' म्हणाले.